एकोणीस पायऱ्या

त्या दिवशी वरच्या खोलीत पाच बायका होत्या आणि खालच्या दालनात नऊ पुरुष. दालनात तीन कुत्रीही होती, पण त्यातलं एक बहिरं. खोली आणि दालन यांच्यामध्ये दगडी जिना. वरून मोजत आलं तर एकोणीस पायऱ्या, अकराव्या पायरीवर वळण. वर ओकचं दार, तीन बोटं जाड, आतल्या बाजूला लोकरीचा पडदा. खोलीला खिडकी एकच, तीही फळ्या लावून बंद केलेली आणि फटींमध्ये चिंध्या कोंबलेल्या. जिना जिथे दालनात उतरतो तिथे दार नाही, नुसती कमान आहे.

हे सगळं मी नंतर मोजलं. त्या दिवशी मी फक्त बसलो होतो.

मी ऑस्बर्ट, लॉर्ड वॉरिन यांचा कारकून. ऑक्सफर्डला पाच वर्षं काढली. तिथे आमचे एक गुरू होते. अंधाऱ्या खोलीत भोकातून आलेला प्रकाश भिंतीवर कुठे पडतो, विहिरीत मारलेली हाक किती वेळाने परत येते, असलं काहीबाही ते आमच्याकडून मोजून घेत. पदवी घेतली आणि पोटासाठी इथे स्किर्बीला आलो. इथे प्रकाश आणि विहिरी भरपूर आहेत, मोजायला सांगणारं कुणी नाही. सगळे मला मास्तर म्हणतात. काही आदराने, बरेचसे गंमत म्हणून.

सेंट स्टीफनचा दिवस होता. नाताळानंतरच्या दिवशी मालकाने कुळांना जेवू घालायचं, ही इथली रीत. म्हणून मुकादम ऑस्मंड, गिरणीवाला वीमार्क आणि लोहार हॅमो हे तिघं कमानीजवळच्या बाकावर बसून डुकराच्या मांसावर ताव मारत होते. लॉर्ड वॉरिन घरात नव्हते. त्यांची बायको, अमाबेलबाई, आदल्या सकाळपासून वर बाळंतपणात अडल्या होत्या.

"मी घरात बसून काय करू?" ते सकाळी म्हणाले होते. "मला काय वर येऊ देणार आहेत?" आणि ससाणा मनगटावर घेऊन दलदलीकडे बगळे मारायला गेले.

दुपारी जेवणं उरकत आली असताना वरून एक आवाज आला. बारीक, उंच, एकदम सुरू झालेला आणि एकदम थांबलेला. दोन कुत्र्यांनी कान टवकारले. हॅमोने टोपी काढली.

"मुलगा," ऑस्मंड म्हणाला.

"आवाजावरनं कळतं होय रे तुला?"

"मुलगी असती तर अजून चालू असतं."

वीमार्क इतका हसला की त्याच्या नाकातून बिअर आली. कोपऱ्यातले म्हातारे फादर ओडो यांनी छातीवर क्रूस काढला. मी आमेन म्हणालो.

नंतर बराच वेळ वरून कुणी आलं नाही. मग गनोरा सुईण उतरली. कोपरापर्यंत ओली. शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाली, "दोघंही गेली. बाळावर मी पाणी शिंपडलं. स्टीफन म्हटलं त्याला. आज तोच वार आहे म्हणून."

लॉर्ड वॉरिन संध्याकाळी आले, दोन बगळे घेऊन. त्यांना सांगितलं तेव्हा ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. चिखलाचे बूट, हातमोजे तसेच. बगळे कुणीतरी हातातून काढून घेतले. किती वेळ बसले ते मी मोजलं नाही. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "रडलं का?"

ते कुणाबद्दल विचारतायत ते मला आधी कळलं नाही. "कोण, सरकार?"

"बाळ. बाळ रडलं का?"

"रडलं ना सरकार," ऑस्मंड पुढे होऊन म्हणाला. त्याला वाटलं, बापाला तेवढाच दिलासा. "आम्ही तिघांनी ऐकलं. चांगलं खणखणीत."

वॉरिननी मान हलवली. "मास्तर, तिघांची नावं लिहून ठेव."

मी लिहून ठेवली.

स्किर्बी वॉरिन यांचं नव्हतं. ते अमाबेलबाईंच्या वडिलांचं. त्यांना मुलगा नव्हता, दोन मुली. मरताना त्यांनी थोरलीला, अमाबेलला, स्किर्बी दिलं आणि धाकटीला, इडोनीला, समुद्रकाठचं सँडवाइक. सँडवाइकची कुरणं जास्त चांगली होती, त्यावरून त्या वेळी थोरली रुसलीही होती म्हणतात. सहा वर्षांपूर्वी एका वादळात समुद्राने सँडवाइक नेलं. एक चर्च, एकतीस घरं आणि सगळी कुरणं. इडोनीबाईंचं लग्न ठरलेलं होतं. तो माणूस आला, टेकडीवरून खालचं पाणी पाहिलं, इथे येऊन जेवला आणि घोड्यावर बसून गेला. तेव्हापासून इडोनीबाई बहिणीकडे. कमरेला घरच्या किल्ल्या, सकाळी सर्वांआधी उठणं, जेवताना शेवटी बसणं.

आता कायदा असा. जमीन बायकोची असेल आणि ती मेली, तर नवऱ्याला ती जमीन मरेपर्यंत राखता येते. पण एका अटीवर: दोघांना मूल झालेलं असलं पाहिजे आणि त्या मुलाचं रडणं चार भिंतींच्या आत ऐकू आलेलं असलं पाहिजे. मूल नंतर घटकाभरात गेलं तरी चालतं. रडणं ऐकू आलं नसेल तर बायको मेल्याच्या दिवशीच जमीन तिच्या रक्ताच्या माणसाकडे जाते. म्हणजे इथे इडोनीबाईंकडे.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला जाता येत नाही. आणि या बाबतीत बाईची साक्ष चालत नाही. म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांना विचारायचं नाही, आणि ज्यांना विचारायचं त्यांनी पाहिलेलं नसतं. भिंतीतून जे झिरपेल त्यावर निकाल.

चार दिवसांनी मी गनोराला बिअरच्या कोठारात गाठलं. ती पिंपाला फडकं बांधत होती.

"मावशी, बाळ किती वेळ जगलं?" मी विचारलं. मला खरंच तेवढंच हवं होतं, कागदावर लिहायला.

"तीनदा 'आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणून होईल एवढं."

"भरभर की सावकाश?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ना मास्तर, मेल्यावर देवालासुद्धा विचाराल की दार किती फूट उंच." मग तिने तिच्या चालीत ती प्रार्थना म्हणून दाखवली आणि मी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजली. एका प्रार्थनेला चौतीस ठोके. तीन म्हणजे एकशे दोन.

"आणि रडल्यानंतर लगेच गेलं?"

"रडलं कुठे?"

"आम्ही खाली ऐकलं की."

गनोराने फडक्याची गाठ मारली, मग सोडली, मग परत मारली. "बाळाने डोळे उघडले. माझं बोट धरलं. पण हूं नाही की चूं नाही. मी तोंडात बोट घालून कफ काढला, पाय धरून उलटं केलं, पाठीत मारलं. आवाज म्हणून नाही. तुम्ही ऐकलं ते इडोनीबाईंचं. ताईचा हात त्यांच्या हातात होता, तो गार पडला ना, तेव्हा."

"त्यांचा आवाज तसा नाही, मावशी. त्यांचा आवाज भरदार आहे."

"मला सांगता? चाळीस वर्षं मी पोरं काढतेय. माझ्या मांडीवर पोर होतं, त्याचं तोंड बंद होतं, मला दिसत होतं. तरी आवाज आला तशी मीसुद्धा खाली पाहिलं, की हे रडलं की काय."

"त्यांना कळलंय का? की खाली आम्ही काय समजलो ते?"

"न कळायला काय झालं. त्यांच्याच घशातनं निघालं ते." तिने पिंपावर थाप मारली. "पण मला कोण विचारतंय? मी साक्षीला चालत नाही. मी फक्त पोर काढायला चालते."

फेब्रुवारीत राजाचे अधिकारी आले, सर थर्स्टन. वारशाचे तंटे मिटवायला गावोगाव फिरून कंटाळलेला, सर्दीने नाक लाल झालेला माणूस. दालनात शेकोटीजवळ बसले, पाय गवताच्या पेंढीत खुपसून. समोर गावातले बारा पंच. त्यातच ऑस्मंड, वीमार्क आणि हॅमो, कारण इथे पंच तोच होतो ज्याला प्रकरण ठाऊक आहे. लॉर्ड वॉरिन माझ्या डाव्या हाताला. इडोनीबाई जिन्याच्या कमानीपाशी उभ्या, गनोरा त्यांच्या मागे.

"कुणी ऐकलं?" सर थर्स्टननी विचारलं.

ऑस्मंड उठला. "मी, साहेब. सेंट स्टीफनचा वार. मी हाड फोडून आतला गर काढत होतो."

"हाडाचं राहू दे."

"हाड आहे म्हणून तर दिवस पक्का आठवतोय, साहेब. आवाज आला, हाड खाली पडलं आणि कुत्र्याने नेलं. तसलं हाड परत काही वाट्याला आलं नाही."

"मी पेला तोंडाला लावला होता," वीमार्क म्हणाला.

"मग तो कुठलाही दिवस असू शकतो," मागून कुणीतरी बोललं आणि दालन हसलं.

हॅमो शेवटी उठला. टोपी हातात चुरगळत. "मला चार पोरं झाली, साहेब. पोराचं रडणं मला कळतं. मी ऐकलं. खोटं सांगून मला काय मिळायचंय." मग कमानीकडे वळून म्हणाला, "बाईसाहेब, माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट नाही."

"माहीत आहे, हॅमो," इडोनीबाई म्हणाल्या. मग सर थर्स्टनना, "साहेब, मी बोलू का?"

"साक्ष म्हणून नाही. पण जमिनीवर दावा तुमचा आहे. बोला."

"बाळ रडलं नाही. रडले ती मी."

 मग लॉर्ड वॉरिन अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मेहुणीबाई, सव्वीस वर्षांची घोडी शिंगरासारखी खिंकाळली, असं म्हणताय का?"

हसू पसरलं. हॅमो हसला नाही.

"मी काय आवाज काढला ते मी ठरवून काढला नव्हता, भावोजी."

"आणि तो नेमका लहान पोराचा निघाला."

"हो. नेमका तसाच."

सर थर्स्टननी बाहीला नाक पुसलं. हा माणूस वाईट नव्हता, हे मला लिहून ठेवायला हवं. त्यांना कुणी आधीच काही सांगितलेलं नव्हतं आणि दुपारच्या जेवणाची घाईही त्यांनी केली नाही. ते विचार करत बसले. मग म्हणाले, "हे तपासून पाहता येईल. बाई, तुम्ही वर जा. दार त्या दिवशीसारखं लावा, पडदा ओढा. तो आवाज काढा. हे तिघं त्याच बाकावर बसतील आणि सांगतील."

ऑक्सफर्डच्या माझ्या गुरूंना हे आवडलं असतं. मलाही आवडलं, आणि मग लगेच त्यातली चूक दिसली.

इडोनीबाई वर गेल्या. किल्ल्यांचा आवाज अकराव्या पायरीच्या वळणावर बारीक झाला. दार लागलं. तिघंही बाकावर बसले, ऑस्मंडने तर हात जेवताना धरावेत तसे धरले. मी मनगटावर बोट ठेवलं. दोनशे दहा ठोके झाले तरी काही नाही. कुणीतरी खोकलं. मग आवाज आला. खालच्या सुरातला, जाड, चारा वेळेवर न मिळालेली गाय हंबरते तसा. थोडा वेळ गेला आणि दुसरा आला. हा बारीक काढायचा प्रयत्न होता. मध्येच फाटला आणि त्याचा खोकला झाला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"हा नव्हे," ऑस्मंड म्हणाला.

"हा तर मोठ्या माणसाचा आहे," वीमार्क म्हणाला. "कुणीही सांगेल."

हॅमोला वेळ लागला. "नव्हे," तो म्हणाला. "देवाशपथ, हा तो नव्हे."

चूक अशी. त्यांनी तपासलं की बाईला बाळासारखा आवाज काढता येतो का. तपासायला हवं होतं ते हे, की बाळाचा आवाज त्या दारातून, त्या पडद्यातून, एकोणीस पायऱ्या आणि एक वळण ओलांडून बाकापर्यंत पोचतो का. बाईचा जाड आवाज पोचला होता, तो आत्ताच सर्वांनी ऐकला. नवजात मुलाचा पोचतो का? गुराख्याची बायको हॅविस नऊ दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. तिची झोपडी दालनापासून दोनशे पावलांवर. पोर आणायचं, वर न्यायचं, पायाला चिमटा काढायचा, दार लावायचं. एवढंच. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं.

लॉर्ड वॉरिन माझ्या इतके जवळ होते की त्यांच्या ओल्या चामड्याचा वास येत होता. पलीकडे फादर ओडो बसले होते, हातात रुमाल. नाताळापासून त्यांच्या खोकल्यातून रक्त पडत होतं. त्यांच्यानंतर स्किर्बीचं चर्च कुणाला द्यायचं ते स्किर्बीचा मालक ठरवतो. नव्या वर्षाच्या दिवशी वॉरिन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "ओडोनंतर तूच, मास्तर. बघ, मी विसरणार नाही."

मी चाकू घेतला आणि लेखणीचं टोक तासलं. टोक तासायची गरज नव्हती.

इडोनीबाई खाली आल्या तोपर्यंत पंचांचं एकमत झालं होतं. मी लिहिलं: अमाबेल हिला पती वॉरिन यापासून मुलगा झाला, त्याचं नाव स्टीफन, तो रडला, आणि ते रडणं चार भिंतींच्या आत ऐकू आलं. सबब स्किर्बी वॉरिनकडे त्याच्या हयातीपर्यंत राहील आणि त्यानंतर इडोनीकडे जाईल. वॉरिन तेव्हा चौतीस वर्षांचे होते. आठवड्यातले चार दिवस घोड्यावर, सगळे दात शाबूत.

सर थर्स्टन जेवून निघून गेल्यावर वॉरिन शेकोटीपाशी बसून राहिले. इडोनीबाई मेजावरची भांडी गोळा करत होत्या. मी कागद वाळवत होतो. आम्ही तिघंच होतो.

"कुठे जाणार तू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा भावोजी. सँडवाइकला जाऊ?"

"तिथे होडी लागेल."

त्यांनी पुढची थाळी उचलली. एकावर एक थाळ्या रचत राहिल्या.

"मी कुणाला खोटं बोलायला लावलं का?" वॉरिन म्हणाले. "सांग ना. एकाला तरी?"

"नाही."

"कुणी खोटं बोललं का?"

"नाही."

"मग? माझा मुलगा गेला. माझी बायको गेली. मी काय सुखात आहे असं वाटतं का तुला? आता छप्परही सोडू?"

"मी कुठे काय म्हटलं."

"राहा इथेच. किल्ल्या तुझ्याकडेच ठेव. तुझ्याइतकं हे घर कुणाला माहीत आहे?"

"किती दिवस?"

त्यांनी काठीने निखारे हलवले. "नवी येईपर्यंत तर नक्की."

दुसऱ्या दिवशी इडोनीबाई पोटमाळ्यावर चादरी मोजत होत्या आणि मी मेणबत्त्या न्यायला गेलो. परत फिरणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही पण होतात ना खाली? काय ऐकलंत?"

"बाळ," मी म्हणालो. ते खरं होतं.

"आणि मग?"

"आमेन म्हणालो."

त्या हसल्या, म्हणजे नाकातून हवा सोडली. "सगळ्यांना बरं वाटलं असेल खाली. एवढं एक बरं झालं." एक चादर घडी करून दुसरीवर ठेवली. "तो खरंच रडला असता ना मास्तर, तर मी सबंध स्किर्बी देऊन टाकलं असतं. हसत. आता देऊन तर टाकलंच, आणि रडला मात्र नाही."

मी विचारायला नको होतं, पण मला माहीत करून घ्यायचं होतं. "काल वर काय झालं?"

"काय व्हायचंय? पलंगावर धुतलेली चादर होती. मीच घातलेली. मी तिथे उभी, गनोरा तिथे उभी. खाली तुम्ही सगळे कान लावून बसलेले. म्हटलं, आता रड. आता लागेल तसं रड." त्यांनी चादरीचं टोक ओढून सरळ केलं. "तो आवाज परत काढायला ताई दुसरी कुठून आणू?"

मी त्यांना हॅविसच्या पोराबद्दल सांगितलं नाही. मेणबत्त्या घेतल्या, अठरा, आणि खाली आलो.

ईस्टरनंतर फादर ओडो गेले. वॉरिन विसरले नाहीत. मला दीक्षा मिळाली, चर्च मिळालं, चर्चमागचं घर आणि त्याचं सफरचंदाचं झाड मिळालं. लोक मला फादर म्हणायला लागले. इडोनीबाई मास्तरच म्हणत राहिल्या.

पुढच्या वर्षी वॉरिननी लग्न केलं. मुलीचं नाव रोहेस. सतरा वर्षांची, गोबरी, सारखी हसणारी, वाईट अजिबात नव्हती. पहिल्याच दिवशी इडोनीबाईंनी किल्ल्या तिच्यापुढे धरल्या. तिने जुडगा हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. "तुमच्याकडेच असू द्या ना, ताई. मला जड होतात."

ताई हा शब्द त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी उच्चारला होता. इडोनीबाईंनी किल्ल्या परत कमरेला लावल्या.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात रोहेसबाईंचे दिवस भरले. बाळंतपण जड झालं तर शेवटचा संस्कार द्यायला पाद्री जवळ असावा, म्हणून मला सकाळीच बोलावलं. खोली तीच. दार तेच, पडदा तोच, खिडकीच्या फटींत चिंध्या. आत गनोरा, इडोनीबाई आणि आणखी तिघी. मी जिन्यात वरून पहिल्या पायरीवर, दाराला पाठ लावून बसलो. वॉरिन घोड्यावर बाहेर गेले होते. दालन रिकामं होतं. माणसं नांगरणीवर, आणि कुत्र्यांतलं फक्त बहिरं शिल्लक होतं, तेही झोपलेलं. त्या दुपारपेक्षा आज कितीतरी शांत.

संस्कार द्यावा लागला नाही. दिवस चांगला वर आल्यावर आत बायकांची गडबड झाली, गनोरा काहीतरी मोठ्याने म्हणाली, आणि बाळ रडलं.

मी उभा राहिलो. चांगलं रडत होतं. सशक्त, न थांबता, श्वास घ्यायला तेवढं थबकून परत. मी दुसऱ्या पायरीवर उतरलो. श्वास रोखला, दहापर्यंत मोजलं, ऐकलं. तिसऱ्या पायरीवर उतरलो. श्वास रोखला, दहापर्यंत मोजलं. असं करत खाली गेलो, आणि मग तसाच वर आलो, आणि पुन्हा खाली गेलो. दाराशी आलो की दर वेळी बाळ रडतच असे. तिसऱ्या वेळी मी आठव्या पायरीवर थांबलो, मान एका बाजूला कलती करून, तेव्हा दार उघडलं.

बाळाचं रडणं धो धो बाहेर आलं. इडोनीबाईंनी पाठीने दार लावलं आणि ते थांबल्यासारखं झालं. त्यांच्या हातात परात होती, लाल पाण्याने भरलेली. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि मला पाहून थबकल्या. माझी कलती मान पाहिली. वळून दाराकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे, मग खाली, वळणाकडे.

त्यांनी परात कमरेवर टेकवली. किल्ल्या वाजल्या.

"कधीपासून मोजताय?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच. रडायला लागल्यापासून."

"ते नाही विचारलं."

 आठव्या पायरीवर अजून काही ऐकू येत नव्हतं. परातीतलं पाणी हळूहळू स्थिर झालं.

"मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "आवाज चांगला आहे. गनोरा म्हणते, इतकं मोठ्याने रडलेलं तिने वर्षभरात ऐकलेलं नाही." मग थोड्या वेळाने, "किती, मास्तर?"

"सातवीपर्यंत. आठवीवर नाही."

"नीट मोजलंत?"

"तीन वेळा. तिन्ही वेळा सात."